लोखंड न लावता

११ जानेवारी, शनिवार

विट्याच्या महाविद्यालयात आज दीड तास बोलले. विषय होता बाईचं शरीर आणि बाजार. पोरी टाळ्या वाजवत होत्या, प्राचार्य घड्याळ बघत होते. म्हणजे भाषण चांगलं झालं.

मलकापुरात घरी पोचले तर माझी सख्खी पुतणी अंकिता डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून जेवायला बसलेली.

"हे काय सोंग?"

"आत्या, कुरळे केस आहेत माझे, लगेच कोरडे पडतात. कंडिशनर लावून रात्रभर झाकून ठेवले की ओल आत राहते. सकाळी बोटांनी सुटतात. कंगवासुद्धा लागत नाही."

मग माझा तोल गेला. ज्या डोक्यात विचार पेटायला हवा त्या डोक्याला बाजार पिशवी घालतो आणि आमच्या शिकलेल्या पोरी ती हौसेने बांधून घेतात, असं बरंच काही बोलले. अंकिताने आमटी भुरकली आणि विचारलं, "आत्या, आता टाळ्या वाजवू का?"

जयराजदादा सुभेदार म्हणून निवृत्त झालाय. तो म्हणाला, "ही फौजेत असती तर शत्रू नुसतं ऐकून माघारी गेला असता."

हसा. त्यातलं एक वाक्यही मी मागे घेणार नाही.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

आमच्या उसाचा खोडवा मोडलेल्या रानात दगडामावशीची मेंढरं बसली आहेत. म्हसवडच्या पलीकडची ही माणसं. दर हिवाळ्यात कळप घेऊन खाली येतात, रान खतवतात, पाऊस लागला की परत वर जातात. मी परकरात होते तेव्हापासून ही बाई आमच्या बांधावर भाकऱ्या थापते आहे. माझी आई गेली तेव्हा पहिला हंबरडा तिनेच फोडला होता.

भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या भाकऱ्या घेऊन गेले. मावशी दगडावर बसली होती, मान एका बाजूला कललेली. तिच्या डोक्यावरची जट मी जन्मभर बघत आले. दोरखंडासारखी जाड, हळदीने पिवळी, सोडली तर गुडघ्याला लागते, म्हणून ती डोक्याभोवती गुंडाळून ठेवते. बायका तिच्या पाया पडतात. आता मानेच्या मणक्यांना त्या वजनाने त्रास सुरू झालाय. हाताला मुंग्या येतात म्हणाली.

आणि तिथेच तिची नात माया बसली होती. तेरा वर्षांची. मावशीच्या सूरजची पोरगी. सूरज पुण्याकडे जेसीबी चालवतो, बायकोही तिकडेच. पोर आजीजवळ असते आणि हिवाळाभर इथल्या शाळेत सातवीत बसते. तिच्या कानामागे केसांचा एक गुंता झालेला, लिंबाएवढा. त्या गुंत्याला कुंकू लावलेलं.

"हे कुणी लावलं?"

"मी," बिराप्पा म्हणाला. मावशीचा धाकटा दीर, वाड्याचा, म्हणजे त्यांच्या मेंढपाळ तळाचा, कारभारी. "देवी उतरलीया पोरीवर. पुढच्या पुनवंला वटी भरायची आन पोर देवीला वहायची. शाळा आता बास."

माझं डोकं फिरलं. गुंता म्हणजे गुंता असतो, तेल-पाणी-कंगवा नाही मिळाला की होतो, हे मी त्याला बऱ्याच शब्दांत सांगितलं. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "ताई, तुमी भाषान करा. गेल्या साली रोगानं माझी निम्मी मेंढरं गेली. भाषानानं एक उठलं न्हाई."

"मग पोरीला वाहून उठतील का?"

"ऱ्हायलेली तरी वाचतील."

मी मावशीकडे वळले. म्हटलं, माझ्या पिशवीत कात्री असते, तुला ठाऊक आहे. किती जणींच्या कापल्यात. आत्ता तुझीही कापते, पोरीचीही. सगळ्यांच्या देखत. बघू देवी काय करते.

मावशी म्हणाली, "तू कापशील, क्रांते. मग तू सांगलीला जाशील सभंला. मी कुठं जाऊ? उद्या एक कोकरू मेलं तर म्हंतील, दगडीनं देवीवर लोखंड चालवलं. आन त्यो राग कुनाच्या डोक्यावर उतरायचा? माझं काय, मी पिकलं पान."

ती मायाकडे बघत होती. पिढ्यान्पिढ्यांची भीती बोलत होती तिच्या तोंडून. मी इतकी वर्षं बोलते आहे आणि माझ्याच बांधावर ही अवस्था.

आज पौष पौर्णिमा. म्हणजे माघी पौर्णिमेपर्यंत मुदत.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

मावशी मायाला घेऊन तिळगुळाला आली. अंकिता नुकतीच उठून डोक्यावरची पिशवी सोडत होती. मावशी बघतच राहिली. मग तिचे प्रश्न सुरू झाले. ते काय लावलंय? रातभर का? मग काय व्हतं? कवा सुटतं? अंकिताने हौसेने सगळं सांगितलं, एक बट ओढून दाखवली, सोडली, ती परत वळून बसली.

"म्हंजी ह्याला लोखंड लागत न्हाई?"

"नाही आजी. नुसती ओल आणि बोटं."

"लाकडाची फणी चालती?"

"शेवटी शेवटी चालेल की."

मावशीने ती बट स्वतःच्या हाताने ओढून बघितली. मग माझ्याकडे वळली. "क्रांते, माझी अशी सोडव. कात्री न्हाई, वस्तारा न्हाई. आपनहून निघतील ते केस निघूंदेत. जोर करायचा न्हाई."

मी म्हटलं, मावशी, हा काय पोरखेळ आहे? पस्तीस वर्षांची जट आहे ती. कात्रीने दहा मिनिटांचं काम.

"दहा मिन्टांत सुटलं तर ते तू सोडवलं. असं सुटलं तर..." एवढं म्हणून तिने बोटाने वर दाखवलं. वर आमचा पत्रा होता.

संतापले. मला विवेकाने जिंकायचं आहे आणि ही देवीची परवानगी मागते आहे. पण अंकिता कानात पुटपुटली, "आत्या, वाद घालत बसलीस तर पुनव उजाडेल."

आणखी एक हट्ट. मायाच्याही डोक्याला पिशवी बांधायची. "मला एकटीला लाज वाटती." साठीची बाई, लाज कसली? पण चालवून घेतलं. पोरीचा गुंताही त्या निमित्ताने सुटेल, हा विचार बहुधा तिच्या मनात आला नसेल. मी मुद्दाम बोलून दाखवला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

सुरुवात. अंकिताच्या पिशवीत ती जट मावणं शक्य नव्हतं. शेवटी दादाने उपाय काढला. कारखान्याची सभासद साखर येते त्या पोत्यात आतून प्लॅस्टिकची मोठी पिशवी असते. ती धुऊन घेतली. मोठ्या पातेल्यात कोमट पाणी, त्यात जट भिजवली. पाणी आधी पिवळं, मग चहासारखं, मग काळं. मग तिळाचं तेल, कंडिशनर, आणि वर कागद. मावशी प्लॅस्टिकला कागदच म्हणते.

"क्रांते, कशी दिसते?"

"नव्या सायकलसारखी," दादा दारातून म्हणाला.

माया इतकी हसली की तिची स्वतःची पिशवी सुटली.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी मावशी तणतणत आली. "अगं बया, साखरंची पिशवी! रातभर मुंग्या! मला वाटलं देवीच चावतीया!" पिशवी नीट धुतली गेली नव्हती. ती अंकितानेच धुतली होती, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीने. आज गरम पाण्याने दोनदा धुतली.

जट जशीच्या तशी. दगड.

२१ जानेवारी, मंगळवार

सांगलीहून इंद्रजितचा फोन. आमच्या मंडळाचा अध्यक्ष, चांगला माणूस. सोळा फेब्रुवारीला मोठा मेळावा. त्याला मंचावर जट कापायची आहे, वाहिन्यांच्या कॅमेऱ्यासमोर. "तुझ्या रानात एवढं ठळक उदाहरण आहे आणि तू काय करतेस?"

"कंडिशनर लावते," म्हटलं.

त्याला वाटलं मी चेष्टा करते.

मलाही ती चेष्टाच वाटते. ज्यांनी शेण झेललं, दगड झेलले, त्यांची पुस्तकं वाचून मी घडले. आणि संध्याकाळी काय करते? एका म्हातारीच्या डोक्याला तेल थापते आणि ती म्हणते, "जोर नगं करूस, आईला लागंल." तिची आई म्हणजे देवी. दात आवळून गप्प बसते. इतकं गप्प मी शाळेतही बसले नव्हते.

२४ जानेवारी, शुक्रवार

टोक सुटलं!

वीतभर. सर्वांत खालचा भाग. मी आणि माया दोघी बाजूंनी बोटं घालून बसलो होतो आणि अचानक तो भाग कापसासारखा उकलला. आतून काय काय निघालं! मेंढीची लोकर, कुसळं, नदीची वाळू, हिरव्या बांगडीचा तुकडा, भंडारा. लोकर तर इतकी मुरलेली की केस कुठला आणि लोकर कुठली कळेना.

"आज्जे, तुझ्या डोस्क्यात घोंगडं विनलंय कुनीतरी," माया म्हणाली.

बांगडीचा तुकडा मावशीने तळहातावर घेतला. "ही सूरजच्या येळची. त्येच्या पाठी मला ताप आला व्हता. महिनाभर अंथरुनात. कोन विंचरतंय? उठले तर केस बसलेले. सासू म्हनली, देवी आली. मी म्हनलं, आली तर आली. तवापासून मला कुनी हाक मारून बोललं न्हाई. सगळी लांबून पाया पडायची. नवरा सुदीक."

मी ताबडतोब तिला म्हटलं, बघ, तूच सांगितलंस! ताप, न विंचरलेले केस, लोकर. कुठे आहे यात देवी? कारण आणि परिणाम! तिने मान हलवली. वाटतं, काहीतरी आत जातंय.

मग तिने विचारलं, "पोरीची परीक्षा कवा हाय?" विषय बदलायची तिला वाईट सवय आहे. एप्रिलमध्ये, म्हटलं.

२८ जानेवारी, मंगळवार

मावशीला ताप. थंडी कडक आहे, उघड्यावरचा वाडा आणि डोक्याला रात्रभर ओल. खोकताना तिची फासळी न् फासळी दिसते.

सगळं थांबवावं असं वाटतं. मंचावर उभं राहून परंपरेच्या छळाबद्दल बोलणारी मी, आणि साठीच्या बाईला माघाच्या तोंडावर ओल्या प्लॅस्टिकमध्ये बांधणारीही मीच. उद्या हिला काही झालं तर बिराप्पाला वेगळा पुरावा कशाला लागेल? देवीचा कोप म्हणेल, आणि कोपाचं कारण माझ्या हातचं असेल.

डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ आहे, गोळ्या दिल्या. म्हटलं, मावशी, बास आता.

"का बास?"

"ताप आहे तुला."

"ताप आलेला बिराप्पाला सांगू नगंस." एवढंच बोलली आणि वाड्यावर जाऊन चुलीपुढे बसली, जाळाने तोंड लाल झालंय असं दिसावं म्हणून. घरातल्या पुरुषाची इतकी दहशत! लिहितानाही रक्त तापतं.

अंकिताने तोडगा काढला. आता ओल कमी, तेल जास्त, वर कागद आणि कागदावर घोंगडीचा तुकडा. ऊब धरते.

३१ जानेवारी, शुक्रवार

ताप उतरला. अर्धी जट सुटली.

आणि आज फुटलं. बिराप्पाने मायाच्या डोक्यावर पिशवी बघितली. सरळ आमच्या अंगणात आला, मागे वाड्यातले चौघे.

"ह्या ताईनं पोरीच्या देवीला कागदात कोंडलंय! वैनी, तू बी? तुज्या डोस्क्यावर आई बसलीया आन तू त्येला पिशवी घालतीस?"

मी पायरीवर उभी राहिले. आवाज चढवायची गरज मला कधी लागत नाही, तरी चढवला. म्हटलं, या अंगणातून या पोरीला कुणी हात धरून नेणार असेल तर आधी मला बाजूला करावं लागेल, आणि मला बाजूला करायला आजवर भल्याभल्यांना जमलेलं नाही. पोरगी सातवीत आहे. तिच्या डोक्यात काय राहील ते ती ठरवेल. केससुद्धा. कायदा काय आहे तेही सांगितलं. दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून.

चौघे थांबले. बिराप्पा नाही. "बोला ताई, बोला. मेंढरं मेली की मग भाषान ठोका."

तेवढ्यात मावशी पुढे आली. "बिराप्पा, गप ऐक. आई माझ्या सपनात आली व्हती."

मागचे चौघेही पुढे सरकले.

"म्हनली, दगडे, लय वरसं झाली, मी दमले. मला आता मोकळं कर. पर लोखंड लावू नगंस. तेल लाव आन झाकून ठिव. पुनवंपतूर माझी मी जाती."

बिराप्पाचा चेहरा पडला. "आन पोरीचं?"

"त्ये पुनवंला बघू. माझंच गेलं न्हाई अजून."

गेले सगळे. हात जोडून गेले.

आणि मी? माझं भाषण, कायदा, विवेक सगळं पायरीवर राहिलं. स्वप्न जिंकलं!

१ फेब्रुवारी, शनिवार

मावशीशी भांडले. कडाडून. म्हटलं, एवढं समजावून तू शेवटी स्वप्नावर आलीस? खरं सांग, पडलं होतं स्वप्न?

"पडलं व्हतं की."

"कधी?"

"परवा. जागीच व्हते मी."

तापात, अर्धवट झोपेत माणसाला असे भास होतात, मेंदू थकलेला असतो, हे मी तिला सविस्तर समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. अंकिता मात्र तोंडाला ओढणी लावून आत पळाली. हल्लीच्या पोरींना गांभीर्य नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

एक गोष्ट कळत नाही. मायाचा गुंता गेल्या आठवड्यातच पूर्ण सुटला. केस काळेभोर, मऊ. तरी मावशी रोज संध्याकाळी तिला पिशवी बांधायला लावते आणि वाड्यात परत जाताना स्कार्फ गच्च गुंडाळते. "दाखवू नगंस कुनाला," असं पोरीला दरडावून सांगते. मी म्हटलं, अगं, लपवायचं कशाला? मिरव की! हाच तर विजय आहे!

"पिकलं न्हाई अजून," मावशी म्हणाली.

केस काय पिकायचेत? पण तिच्या श्रद्धेला एकदम धक्का द्यायचा नाही असं मी ठरवलंय. हळूहळू जाईल तिचं हे खूळ.

९ फेब्रुवारी, रविवार

आता फक्त टाळूजवळची मूठभर राहिली. बोटांची टोकं सोलवटली आहेत. निघालेले मेलेले केस मावशी एका पिवळ्या फडक्यात बांधून ठेवते. मी फेकायला निघाले तर हात धरला.

आज तिची मान सरळ झाली. तिला स्वतःलाच कळलं नाही. उभी राहिली तर तोल जाऊन मागे पडायला आली. वजनाची सवय झालेली. माया आणि मी दोन्ही बाजूंनी धरलं. मग ती दारातल्या आरशासमोर गेली. उभीच राहिली. मागून फक्त पाठ दिसत होती.

"क्रांते, माझे कान बघ. किती बारकं हायेत."

पस्तीस वर्षांनी बाई स्वतःचे कान बघत होती. मला यावर बोलायचं होतं. पण डोळ्यांत तेल गेलं असावं.

१२ फेब्रुवारी, बुधवार, माघी पौर्णिमा

काल मी भाषण लिहून ठेवलं होतं. मुद्दे पक्के, शेवट धारदार. वाड्यातली सगळी जमणार, एवढी संधी पुन्हा कधी?

सकाळी बिराप्पा आला. ओटीचं सामान, नारळ, हळद. मायासाठी हिरवं लुगडं.  पोरगी माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या पदराची गाठ मुठीत धरली. 

मावशी मधोमध बसली, डोक्याला पिशवी, त्यावर घोंगडीचा तुकडा. सगळ्यांच्या देखत तिने घोंगडी काढली. मग कागद सोडला. केस खाली आले. पांढरे, विरळ, पाठीवर पसरलेले. एक गाठ नाही. तिने कमरेची लाकडी फणी काढली आणि डोक्यापासून टोकापर्यंत एकदा फिरवली. फणी कुठेही अडली नाही.

एका बाईने "आई गं" म्हणून हात जोडले.

मी पुढे झाले. तोंड उघडलं. "बंधूंनो..." एवढंच झालं आणि मावशीने माझ्या पायाला असा चिमटा घेतला की पुढचं वाक्य विसरले.

"बिराप्पा," ती म्हणाली, "आईनं शब्द पाळला. लोखंड न लावता गेली. आता मला सांग, माझ्या डोस्क्यात पस्तीस वरसं ऱ्हाऊन ती दमली, ती त्याच घरात परत पोरीच्या डोस्क्यात कशाला बसंल? ए माये, हिकडं ये. सोड तो स्कार्फ."

मायाने स्कार्फ सोडला. वाऱ्याने केस तिच्या तोंडावर आले.

बिराप्पा पुढे आला. त्याने पोरीच्या कानामागे हात घालून चाचपलं. परत चाचपलं.  "आन मेंढरं?" त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "वैनी, मेंढरांवर राग धरायची न्हाई ना ती?"

"तूच इचार तिला." मावशीने पिवळं फडकं त्याच्या ओंजळीत ठेवलं. "हे कृष्णंत सोडून ये. घरातला करता पुरुस तू. तुझ्याच हातनं जायाला पायजे."

त्याने ते फडकं डोक्यावर घेतलं आणि अनवाणी नदीकडे निघाला. मागे सगळा वाडा. हिरवं लुगडं आमच्या ओसरीवर तसंच राहिलं. मावशीने त्याची घडी मोडून मायाच्या अंगाला लावून बघितलं. "परकर-पोलकं बसंल दोन," म्हणाली.

पोरगी सुटली. हे खरं. पण श्रेय देवीला गेलं, तेही खरं. माझ्या पायावर काळा-निळा डाग आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार, सांगली

अंकिताने पौर्णिमेची सगळी चित्रफीत माझ्याच फोनवर घेतली होती आणि कौतुकाने ती इंद्रजितला पाठवली. मेळाव्याआधी तो आनंदाने नाचत होता. "क्रांती, सोनं आहे हे! विज्ञानाने जट सुटली! मंचावर दाखवू, सगळीकडे टाकू. त्या काकाचं तोंड तर बघ!"

मी त्या काकाचं तोंड बघितलं. फोनच्या लहान पडद्यावर, फडकं डोक्यावर घेतलेलं. बिराप्पाकडेही फोन आहे. माण-खटावातल्या वाड्यावाड्यांवर फोन आहेत.

निघताना मावशी म्हणाली होती, "क्रांते, तिकडं हे बोलू नगंस." 'बोलू नकोस' हे मी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. बापाचं नाही, संस्थाचालकांचं नाही, पोलिसांचं नाही.

इंद्रजितला म्हटलं, हे दाखवायचं नाही.

"का?"

"पोर अजून त्याच वाड्यात आहे."

"तू अंधश्रद्धेशी तडजोड करतेस! उद्या लोक म्हणतील, क्रांतीताईसुद्धा देवीला शरण गेल्या!"

"म्हणू देत. माझ्या फोनमधलं पुसलं आहे, तूही पूस. नाहीतर मंचावर जाऊन मी तुझ्याविरुद्धच बोलेन, आणि मी बोलले की काय होतं ते तुला माहीत आहे." त्याने माझ्यासमोर पुसलं. रागावला आहे. राहू दे.

माझी पाळी आली. सभागृह गच्च. मी म्हटलं, "यंदा मी एकही जट कापली नाही. का, ते सांगणार नाही. एवढंच सांगते, बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला निघालेल्यांनी त्या ओझ्याचं प्रदर्शन मांडायचा मोह सोडावा. आम्हीसुद्धा. मीसुद्धा." आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या नाहीत. कुजबुज झाली. भाषण चांगलं झालं की वाईट, पहिल्यांदाच मला कळलेलं नाही. पण मागे घेणार नाही. हेही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वाडा हलला. मेंढरं पुढच्या गावच्या रानात निघाली.

मावशी निरोपाला आली, डोक्यावर अंबाडा. सुपारीएवढाच, पण अंबाडा. मागे बिराप्पा आणि त्याच्या मागे माया, दप्तर घेऊन.

"पोर हितंच ऱ्हाईल, परीक्षा हुईस्तवर," मावशी म्हणाली. "आईनं सांगितलंय."

बिराप्पाने गंभीरपणे मान हलवली. "सांगितलंय, ताई. वैनीला परत सपान पडलं."

देवीने वार्षिक परीक्षेचा आग्रह धरल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. पण पोर शाळेत जाणार असेल तर निदान आज मी वाद घालणार नव्हते. तरी राहवलं नाही. बिराप्पा पुढे गेल्यावर मावशीला म्हटलं, एवढं सगळं झालं, तुझ्यात काहीच बदल नाही का गं? अजून देवी, अजून स्वप्नं?

ती माझ्याकडे बघून हसली. गालात जीभ घोळवल्यासारखी. मग तिने साखरेची ती पिशवी माझ्या हातात दिली. धुतलेली, चौकोनी घडी केलेली.

"आनि दोन-चार धुऊन ठिव. शिराळ्याकडं माझी भाची हाय, तिच्या लेकीचा गुंता बसाय लागलाय. आन पलीकडच्या वाड्यात एक हाय. आई त्यांच्याबी सपनात येनार हाय."

"केव्हा?"

"तुला सवड कवा हाय?"

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात शिराळ्याला माझं व्याख्यान आहे.

"मग तवाच यील."

योगायोगांवर या लोकांचा किती विश्वास! मी तिला शेवटचं बजावलं. मी येईन, पण देवीने बोलावलं म्हणून नाही. माझ्या विचारांनी मला सांगितलं म्हणून येईन.

"व्हय व्हय," मावशी म्हणाली आणि मान ताठ ठेवून बांधावरून चालू लागली.

संध्याकाळी दादाला सांगितलं, यापुढे साखरेचं एकही पोतं फोडलं की आतली पिशवी टाकायची नाही. त्याने सलाम ठोकला. मग मी माझी कात्री पिशवीतून काढून अंकिताच्या शिवणाच्या डब्यात टाकली. आता शिराळ्याचं भाषण लिहायला बसते. विषय मीच बदलून घेतला आहे: हट्ट.